वेशीत आडवा पडलेला सटवा नाईक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. जो नेमका आकडा सांगेल तो थापा मारतोय असं खुशाल समजा.

आमच्या चिंचणगावात सटवा नाईक नावाचा रामोशी होता. गावाची राखण त्याच्याकडे. चोरी झाली की सटवानं चोराच्या पावलांचा माग काढायचा, आणि माग ज्या गावाच्या शिवेत शिरेल त्या गावानं भरपाई द्यायची, असा तेव्हाचा रिवाज. डोळे मिटून नुसत्या पायरवावरून तो माणूस ओळखायचा, असं म्हणतात. खडकावरून गेलेल्या मुंगीचाही माग काढायचा, असंही म्हणतात. मुंगीचं मला काही पटत नाही.

एका सकाळी देवळातला भैरोबाचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. हैबती पाटील पायरीवर उभा राहून ओरडला, "सोनदऱ्याच्या लोकांनी नेला! आता भरपाई नको, रक्त पाहिजे!" माग काढण्याआधीच पाटलाला चोर कसा कळला, हे कुणी विचारलं नाही. नदीकाठच्या कुरणावरून पाटलाचं शेजारच्या सोनदऱ्याशी वाकडं होतं, तेही कुणाला आठवलं नाही. तरणी पोरं भाले घासायला बसली.

सटवा देवळापासून वेशीपर्यंत दोनदा वाकून फिरला. मग म्हणाला, "पाटील, माग वेशीभाईर गेलाच न्हाई. मुखवटा गावातच हाय."

मग कुणीतरी आठवण काढली की सटवाची बहीण सोनदऱ्यात दिलेली आहे. झालं! कालपर्यंत ज्याच्या भरवशावर दारं उघडी टाकून झोपायचे, त्याच्याकडे सगळे तिरक्या नजरेनं बघू लागले. "फितूर," पाटील म्हणाला. सटवाचा एकुलता मुलगा मल्हारी तर बापाशी बोलेनासा झाला आणि भाला घेऊन पाटलाच्या माणसांत जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सारे लढायला निघाले, तर वेशीत सटवा आडवा पडलेला.

"गावाचं खाल्लंस आन् गावालाच अडवतोस?" पाटील कडाडला.

"गावाचं खाल्लंय म्हणूनच अडवतोय," सटवा म्हणाला. "राखणदार हाय मी. चोरापासनं राखायचं आन् पाटलापासनं न्हाई, असं मला कुणी सांगितलं न्हवतं."

पाटील त्याला ओलांडून गेला. मागून एकेक जण ओलांडू लागला. सटवानं डोळे मिटले आणि प्रत्येक पावलाला नाव घेतलं. "ह्यो गोंदा. ह्यो जोत्या, टाच घासत चालतो. जाणारं पाऊल दिसतंय, येणारं दिसंना." ओवाळायला आलेल्या आयांनी ताटं खाली ठेवली. काही जणींनी पोरांना दंडाला धरून मागं ओढलं. निम्मी माणसं तिथंच फुटली, असं म्हणतात. निम्मी म्हणजे किती, यावर आजही भांडणं होतात.

शेवटी मल्हारी आला. बापाच्या छातीवरून त्यानं पाय पलीकडं टाकला. या पावलाला सटवानं नाव घेतलं नाही.

"ह्यो कुणाचा, नाईक?" गोंदाच्या आईनं विचारलं.

"वळखंना," सटवा म्हणाला. उभ्या जन्मात त्यानं न ओळखलेलं ते एकच पाऊल.

गेलेल्यांपैकी कुणीच परत आलं नाही, पाटीलसुद्धा. मुखवटा पुढं पाटलाच्याच धान्याच्या बळदात सापडला. पाटलाचे वंशज म्हणतात, तो सटवानंच तिथं नेऊन ठेवला. मला त्यांचं खरं वाटत नाही, पण मीही तिथं नव्हतो. सटवाला मरेपर्यंत कुणी फितूर म्हणायचं, कुणी देवमाणूस. मल्हारीचं धुळीतलं पाऊल त्यानं दुरडीखाली झाकून ठेवलं होतं. वादळवारा सुटला की दुरडीवर स्वतः पालथा पडायचा, असं म्हणतात. हे मात्र मला पटतं.

आजही आमच्याकडून कुणी फौजेत निघाला की वेशीत त्याचं पहिलं पाऊल दुरडीनं झाकतात. सुट्टीवर आला की त्यानंच ती उचलायची. तो आल्याचं दुसऱ्या कुणी सांगितलं तर आई विश्वास ठेवत नाही. वेशीच्या उजव्या हाताला मात्र एक दुरडी कायम पालथी असते. ती कुजायला लागली की गाव तिच्यावरच नवी घालतं. खाली काय उरलंय, ते आजवर कुणी उचलून पाहिलेलं नाही.