पेनल्टी बाहेर मारणारा गोरा मास्तर

फार फार वर्षं झाली. विलायतेच्या राणीचं राज्य होतं, आमच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. माडसुरे गावात एक गोरा मास्तर आला. नाव थॉर्नली. त्याच्या देशात तो फुटबॉल खेळायचा, आणि त्याचा खेळ बघायला दहा-दहा हजार माणसं जमायची. खेळायचे पैसे मात्र तो घेत नसे. खेळायचं ते हौसेने, असं म्हणे. असा माणूस सगळं सोडून आमच्या गवती छपराच्या शाळेत बाराखडी घोटवायला का आला, हे तेव्हा कुणाला कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

असं म्हणतात, त्याने मारलेला चेंडू माडावरचा नेमका पिकला नारळ पाडायचा. शेजारच्या शहाळ्याला धक्कासुद्धा लागत नसे.

गावचा मानकरी भिवा गावकर याला हा माणूस काही केल्या उलगडेना. उघड्या गुडघ्यांनी पोरांमागे धावणारा साहेब त्याने कधी बघितला नव्हता. पण भिवाला शाळा हवी होती. त्याचा एकुलता मुलगा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होता. त्याची पत्रं घरात वाचणार कोण, तर नात जनी, आणि ती अजून जोडाक्षरांपर्यंत पोचली नव्हती. जोडाक्षर आलं की पत्र अडायचं, आणि मुलगा बरा आहे की आजारी तेच भिवाला कळेनासं व्हायचं.

अशात सरकारचा हुकूम आला: माडसुरे आणि खाडीपलीकडचं पैलकोंड, दोन गावांत मिळून एकच शाळा. कुठे ठेवायची ते गावांनी ठरवावं. रिवाजाप्रमाणे दोन्ही गावांनी आपापल्या देवाला कौल लावला. दोन्ही देवांनी आपल्याच गावाला उजवा कौल दिला! आता देवांचं भांडण कोण मिटवणार? सगळे डोकं धरून बसले. मग मास्तर म्हणाला, सामना खेळू. माडसुरे जिंकलं तर शाळा इथे. बरोबरी झाली तरी शाळा मोठ्या गावाला, पैलकोंडला.

सामना देवराईच्या कडेला झाला. माडसुऱ्यात दहाच गडी जमले, म्हणून अकरावा मास्तर. दिवस कलला तरी गोल होईना. शेवटी मास्तरने असा चेंडू हाणला की वारा थांबला, असं म्हणतात. पण तो गेला सरळ गोलाजवळच्या राखणदार देवाच्या पाषाणाकडे. कातड्याचा चेंडू देवाला लागणार! पैलकोंडकडून खेळणारा होडीवाला दादो तांडेल धावला आणि त्याने दोन्ही हातांनी तो झेलला. गोलाजवळ गोलकीपरखेरीज कुणाचा हात लागला म्हणजे पेनल्टी.

माडसुऱ्यात एकच जल्लोष झाला. भिवाने तर शाळा वाचली म्हणून देवाला हात जोडले. मास्तर चेंडूपाशी आला, दादोकडे बघून मान लववली, आणि चेंडू जाणूनबुजून बाहेर मारला. माडांच्या वरून, खाडीच्याही पलीकडे. तो खाली पडलेला कुणी बघितला नाही, आणि सामना बरोबरीत सुटला.

"मास्तर, ह्या काय केलास? आमची शाळा गेली!" भिवा ओरडला.

"त्याने देव वाचवला, गावकर. लबाडी नाही केली. त्याची शिक्षा मी कशी करू?"

हे भिवाला पटलं आणि पटलंही नाही. शिव्या द्याव्यात की पाया पडावं, तेच त्याला सुचेना. रागाने तो घरी गेला आणि तीन दिवस जेवला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या अंगणासमोर होडी लागली. दादो वल्हवत होता, आणि आत मास्तर पाटी घेऊन बसला होता. दिवसभर पैलकोंडची शाळा, संध्याकाळी भिवाच्या ओटीवर माडसुऱ्याची. बारा वर्षं एक दिवस चुकला नाही. वादळात होडीपुरतं पाणी तेवढं निवांत असायचं, असं म्हणतात.

तिसऱ्या वर्षी जनीने बापाचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाचलं. बाप खुशाल होता, बढती मिळाली होती. भिवा पोरीला जवळ घेऊन रडला आणि म्हणाला, "आमी हरलंव की जिकलंव, ता माका अजून कळूक नाय."

आणि मग एका संध्याकाळी होडी आली, पण मास्तर उतरला नाही. दादो शपथेवर सांगत होता, मी त्याला बसवला होता, खाडीच्या मध्यापर्यंत तो माझ्याशी बोलत होता. दोन्ही गावांनी महिनाभर पाणी धुंडाळलं. काही सापडलं नाही.

अजून दर वर्षी देवराईच्या कडेला त्याच्या नावाने दोन गावांचा सामना होतो. पेनल्टी मिळाली की मारणारा आधी समोरच्यापुढे मान लववतो आणि चेंडू बाहेर मारतो. मागे एकदा मुंबईहून आलेल्या माडसुऱ्याच्या पोराने पेनल्टीवर झकास गोल केला आणि हात उंचावून वळला. टाळी वाजली नाही. त्याच्याच गावाने तो गोल धरला नाही आणि सामना हरला. "पण का?" तो चिडून विचारत राहिला. शेवटी जनीची पणती त्याला म्हणाली, "माका ठावक नाय रे. पण आमच्याकडे तसा करनत नाय."