कडूकंदाचा धडा

राजे पुष्कळ आणि रस्ते थोडे होते, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका राजाने रानातल्या पाड्यावर शाळा काढली आणि राजधानीतून एक गुरुजी धाडले. सोबत एक पुस्तक दिलं. ताकीद दिली, की यात असेल तेवढंच शिकवायचं.

गुरुजी मनाने वाईट नव्हते. पण मुलं तोंड उघडत ती रानातलंच बोलायला. कुठला पक्षी ओरडला की पाणी जवळ असतं, कुठल्या झाडाची साल जखमेवर चालते. गुरुजी विचारत, "हे पुस्तकात कुठे आहे?" आणि बोलणाऱ्याला कान धरून उभं करत.

चैती नावाची म्हातारी एकदा दारात येऊन म्हणाली, की पोरांना मीही थोडं शिकवीन. गुरुजी हसले. "आजी, तुम्हाला स्वतःचं नाव तरी लिहिता येतं का?" म्हातारी गेली ती पुन्हा शाळेकडे फिरकली नाही.

एका वर्षी राजाकडून येणाऱ्या धान्याच्या गाड्या आल्याच नाहीत. मुलं उपाशीपोटी पेंगू लागली. गुरुजींना ते बघवेना. त्यांनी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं: कंद धुवावा, उकडावा, मीठ लावून खावा. गुरुजी स्वतः कुदळ घेऊन ओढ्याकाठी गेले. टोपलीभर कंद खणले, उकडले आणि आधी मुलांना वाढले.

मुलांनी तोंडं वाकडी केली. गुरुजींनी दरडावलं, की अन्नाला नावं ठेवायची नाहीत. मुलांनी गिळलं. रायकी नावाच्या मुलीने मात्र घास उचलला नाही. तिने गुरुजींना सकाळीच खणताना पाहिलं होतं.

घटकाभरात पहिलं पोर ओकलं. मग सगळीच लोळू लागली. चैती आणि आया धावत आल्या. जेवलेल्या अठरांपैकी सतरा पोरं संध्याकाळपर्यंत सावध झाली. सहा वर्षांचा सोनजी सावध झालाच नाही; तो गेला.

"हा कडूकंद," चैती म्हणाली. "पातळ चकत्या करायच्या, राख लावून उकडायच्या, दोन दिवस वाहत्या पाण्यात ठेवायच्या. मग खायचा. पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, गुरुजी."

गुरुजींनी रायकीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

तिने होकाराची मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोललं की तुम्ही उभं करता," ती म्हणाली.

एवढा एकच धडा गुरुजींनी पोरांकडून पक्का पाठ करून घेतला होता.

चौकशीला राजाचा कारभारी आला. त्याने लिहिलं, की दोष कंदाचा, तेव्हा रानातले सगळे कंद उपटावेत. होय, असंच लिहिलं.

"कंदाचा नाही, माझा," गुरुजी म्हणाले. "आणि तुमच्या ताकिदीचा. तेही लिहा." कारभाऱ्याने ते लिहिलं नाही. गुरुजींना मात्र घरी पाठवलं.

तेच पुस्तक घेऊन नवे गुरुजी आले. पाड्याने पोरं पाठवली नाहीत. वर्षभर नवे गुरुजी रिकाम्या चटयांची हजेरी घेत राहिले. शेवटी राजा नमला आणि त्याने चैतीला शाळेत मान देऊन बोलावलं.

पहिल्याच दिवशी तिने नव्या गुरुजींपुढे विळी ठेवली. "आधी चकत्या करायला शिका," ती म्हणाली. "पुस्तकात मग लिहा."

तात्पर्य: मुलाला घरचं शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवायला लावणारी शाळा त्याला मुकं करून सोडते.