शाबास म्हणणारे रान

पूर्वी विंध्याच्या पायथ्याशी वेत्रपूर नगरात राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व वाटाड्यांच्या कुळात जन्मला व पुढे त्या विद्येचा आचार्य झाला. नगराला लागूनच घोर रान होते. व्यापाऱ्यांचे तांडे वाटाड्याच्या भरवशावरच ते ओलांडत.

वाटाड्यांची परीक्षा एकच असे. वर्षभर शिकवून शिष्याला एकटे रानात सोडत. पलीकडे निघाला तो वाटाडा. जे निघाले नाहीत त्यांच्या वहाणा रानात पडून असत, आणि सगळ्यांची तोंडे आतल्या बाजूला.

"ज्याला येतं तो बाहेर येतो," वाटाड्यांचा मुखिया म्हणे.

"आणि ज्याला येत नाही, त्याला ते कळणार कधी?" बोधिसत्त्वाने विचारले.

त्याने आपली रीत बदलली. शिष्य तिंदुकाला तो रोज रानाच्या कडेकडेने पुढे चालवी आणि स्वतः मागे राही. प्रत्येक वळणावर विचारी, "का वळलास?" चुकले तर तिथेच थांबवी. बरोबर असले तरी कारण विचारल्याशिवाय सोडत नसे.

तिंदुकाच्या नाकाला मिरच्या झोंबत. "आचार्य, मी कधी बरोबर असतो का हो?"

"असतोस की. काल ओढ्याचा उतार बघून वळलास, ते उत्तम. आज नुसताच वळलास."

परीक्षेच्या दिवशी बोधिसत्त्व लांबच्या वाटेने पलीकडे जाऊन थांबला. तिंदुक एकटा रानात शिरला. भर दुपार होती, तरी एकही पाखरू बोलत नव्हते. थोड्या वेळाने मागून आचार्यांचा आवाज आला, "शाबास. बरोबर."

बिचारा सुखावला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, "बरोबर." त्याच्याही पुढे, "बरोबर." कडेच्या गवतात वहाणा दिसू लागल्या, एक, मग दुसरी, मग पुष्कळ.

तिंदुकाने मागे न पाहता विचारले, "आचार्य, मी डावीकडे का वळलो?"

मागे काही हलले नाही. मग आवाज गोड झाला. "तुझं सगळंच बरोबर आहे, बाळा. चाल."

तिंदुक जागच्या जागी थांबला. हा आवाज आचार्यांचा होता, पण बोलणे त्यांचे नव्हते. त्याने स्वतःलाच विचारले, का वळलो? कारण सापडेना. ज्या वळणाचे कारण सांगता येत होते, तिथपर्यंत तो उलट पावली गेला. गवतातून अनेक तरुण गळे त्याला विनवत होते, "बरोबर... बरोबर चालला होतास..." तो रडत होता, पण थांबला नाही.

तिथून प्रत्येक वळणाचे कारण स्वतःला विचारत, ऊन कलताना तो पलीकडे निघाला. बोधिसत्त्व वाटेकडे डोळे लावून उभा होता. त्याने शिष्याला पाणी दिले आणि विचारले, "कुठे चुकलास?"

तिंदुकाने त्याचे पाय धरले. "याच प्रश्नाला कान आसुसले होते, आचार्य."

उपाध्याय सतत चुका दाखवतात म्हणून रुसलेल्या एका तरुण भिक्षूला ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तेव्हाचा तिंदुक तू होतास, मुखिया म्हणजे चूक न दाखवता तुझी नुसती वाहवा करणारा तुझा सोबती आणि आचार्य मी." रानातला आवाज कोणाचा, हे त्यांनी सांगितले नाही. तो अजून बोलतो आहे, एवढेच म्हणाले.

वेळीच खरे सांगणे आणि ते ऐकून मागे फिरणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय.