टाकीतला गोळा आणि कचेरीतला पडदा

यंत्रं आपसांत बोलायची, त्या काळातली ही गोष्ट, बाळांनो. टेकडीवरच्या टाकीत एक पितळी गोळा तरंगायचा. पाणी चढलं की तोही चढायचा आणि त्याच्या दांड्यानं नळ बंद व्हायचा. खाली कचेरीत सात गावांच्या टाक्या दाखवणारा मोठा पडदा होता.

दोघांना जोडणाऱ्या तारेवरून पडदा गोळ्याला चिडवायचा, "मी सात गावं बघतो. तुला डबक्यापलीकडं काय दिसतं रे?"

"काही नाही, दादा."

एका दुपारी माकडांनी तार तोडली. पडद्यावर जुनाच आकडा राहिला, टाकी अर्धी. म्हणून तो टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला "चालू दे" म्हणत राहिला. पाणी काठाशी आलं. टाकीखाली कासाबाई कुंभारणीची कच्ची मडकी वाळत होती. टाकी वाहिली तर त्यांचा चिखलच. त्यात दांडा गंजून घट्ट.

"मला एवढंच काम आहे, ते मी करणारच," म्हणत गोळ्यानं अंग वर रेटलं. त्याला पोचा आला, पण दांडा हलला आणि नळ मिटला.

संध्याकाळी तार जोडली. पडदा दचकला, "टाकी भरली? मला सांगितलं नाहीस!"

"तार नव्हती, दादा. म्हणून न सांगता नुसतं केलं. दांडा मात्र गंजलाय."

मग पडदा हळूच म्हणाला, "दांड्याला तेल घालायला माणूस पाठवतो. तेवढं मला इथून जमतं."