खांबावरच्या तीन खुणा

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक शेजारीण होती. तशा शेजारणी सगळ्याच गावांत असतात म्हणा. पण हिचे कान जरा जास्तच तिखट होते. मनाने वाईट नव्हती. कुणाचं मूल रडलं तर आधी हीच धावायची. फक्त ते का रडलं हे कळल्याशिवाय तिला घरी परत जाववत नसे.

एका सकाळी ती कुंपणावर गोधडी वाळत घालत होती. पलीकडे थोरल्या पंचांचं घर. त्यांच्याकडे व्याही आले होते. मागच्या पडवीत पंचांची सून चुलीपाशी बसून आपल्या बहिणीला हळूच सांगत होती, "अगो, बांधाचं दार त्या पोरीनंच उघडलं. पण तिला ना..."

तेवढ्यात सुनेने तापल्या तव्यावर माशाची तुकडी टाकली. चर्रर्र झालं. पुढचं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

शेजारीण गोधडी हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. पण पलीकडचं बोलणं संपलेलं होतं.

आता बांधाचं दार म्हणजे काय, ते सांगायला हवं. गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होती. मध्ये मातीचा लांब बांध, आणि बांधाला फळ्यांचं एक दार. ओहोटी लागली की दोर ओढून दार उचलायचं, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती लागायच्या आत दार लावायचं, नाहीतर खाडीचं खारं पाणी शेतात येतं. खारं पाणी शेतात आलं की भात गेलं, आणि पुढची काही वर्षं ती जमीनही गेली.

त्या सकाळी गाव उठलं तेव्हा पोटरीला आलेलं, लोंब्या धरायला निघालेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं. दार सताड उघडं. आणि आदल्या दिवशी राखणीची पाळी होती पलीकडच्या आळीतल्या एका पोरीची. तिचा बाप गलबतावर गेलेला, घरी ती आणि तिची आई.

शेजारणीच्या पोटात अर्धी बातमी. अर्धी बातमी फार बोचते हो. मग तिने उरलेली अर्धी स्वतःच रचली. विहिरीवर म्हणाली, "पोरीनंच उघडलं दार. पोरच ती, दोराला लोंबकळून झोके घेत असणार!" दुपारपर्यंत गावात सगळ्यांनाच ठाऊक झालं की पोरगी दोराला झोके घेत होती. एकाने तर तिला झोके घेताना पाहिलंही होतं म्हणे.

दुपारी देवळासमोर गाव जमलं.

देवळासमोर एक शिसवी खांब होता. या गावात कुणाला वय विचारायची पद्धत नव्हती. आषाढात जन्मला की कार्तिकात, कोण लक्षात ठेवतो? माणसाला खांबाला पाठ लावून उभं करायचं आणि डोकं कुठल्या खुणेला लागतं ते बघायचं. सगळ्यांत खालची खूण कामाची. तिला डोकं लागलं की बांधाची राखण करायची. तिच्या वर दंडाची खूण. तिला डोकं लागलं की चुकीला मोठ्या माणसाचा दंड. आणि चांगली वीतभर वर बोलायची खूण. तिला डोकं लागलं तरच गावाच्या बैठकीत तोंड उघडायचं. लग्नाच्या खुणा खांबाच्या मागच्या अंगाला होत्या, मुलींची खाली आणि मुलांची वर. का, ते कुणालाच सांगता येत नसे.

खरं तर तिन्ही खुणा आधी एकाच उंचीवर होत्या असं जुनी माणसं म्हणत. एका वर्षी राखणीला माणसं कमी पडली, तेव्हा कामाची खूण खाली आणली. एकदा पोरांनी पंचांचे नारळ चोरले, तेव्हा दंडाची खाली आणली. आणि एका बैठकीत एका तरण्या पोराने पंचांना अडचणीचा प्रश्न विचारला, तेव्हा बोलायची खूण वर नेली. ज्याला जेव्हा जसं सोयीचं, तशी.

पोरीला खांबाला लावलं. कामाची खूण तिच्या कानाशीच आली. मग दंडाची खूण बघायला एक पंच पुढे झाला, डोळे बारीक करून म्हणाला, "जरासं कमी पडतंय की हो."

"केस धरून बघ," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"केस धरायचे का?"

"धरा, धरा! केस काय उसने आणलेत तिनं?"

लोक हसले. केस धरले. वेणी वर गुंडाळून धरली तेव्हा दंडाच्या खुणेला बरोबर लागली.

"लागलं डोकं," पंच म्हणाला.

गावाचा नियम पक्का होता. ज्याच्या हातून बांधाला दगा झाला, त्याच्या घराने बांधाबाहेर राहायला जायचं. बांधाबाहेर म्हणजे चिखलात. तिथे भरतीचं पाणी उंबऱ्याला लागतं. प्यायचं पाणी कुणी द्यायचं नाही, चुलीचा विस्तव कुणी द्यायचा नाही.

पोरीची आई पुढे आली. पदर सावरत म्हणाली, "मला काही ठाऊक नाही काय घडलं ते. घरी आल्यापासून हिनं तोंड उघडलेलं नाही. पण तुम्ही तिला एकदा विचारा तरी!"

पोरगी लगेच थोरल्या पंचांकडे बघून म्हणाली, "आजोबा, मी..."

"गप!" दंडाची खूण बघणारा पंच ओरडला. "बोलायची खूण बघ कुठे आहे आणि तू कुठे आहेस! लहानांनी मोठ्यांच्यात बोलायचं नसतं, शिकवलं नाही का आईनं?"

पोरीने मान खाली घातली.

थोरले पंच मधोमध बसले होते. खरं तर निवाडा त्यांनीच करायचा. एरवी त्यांचा आवाज पार खाडीपलीकडे जायचा. आज ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले होते. "नियम आहे तो आहे," एवढंच म्हणाले, तेही मातीकडे बघून.

शेजारीण बायकांत उभी होती. पोरीने डोळे पुसायला हात वर केला, तेव्हा तिला पोरीचे तळवे दिसले. दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. दोराने.

शेजारणीने उभ्या जन्मात दोर पुष्कळ ओढले होते. लोंबकळून झोके घेतल्याने हाताची अशी सालं निघत नाहीत. उचललेल्या दाराची फळी कडेला अडकून बसली आणि ती खाली आणायला जीव खाऊन दोराला हिसके दिले, तरच निघतात. म्हणजे पोरगी दार उघडत नव्हती. लावत होती.

शेजारीच पंचांची सून उभी होती. शेजारीण तिच्या कानाशी लागली.

"अगो बाय, सकाळी तू म्हणालीस, 'पण तिला ना...' त्या 'पण'च्या पुढे काय होतं?"

सून पांढरी पडली. "मी कुठे काय म्हणाले?"

"मी कुंपणाशी होते."

"तुम्ही कुंपणाशी कधी नसता, काकी?" सून म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते आणि ते गेले थेट तिच्या सासऱ्यांकडे.

शेजारणीला जे कळायचं ते कळलं. ती देवळात गेली. तिथला पूजेचा उंच पाट उचलून आणला, खांबाशी ठेवला आणि पोरीला म्हणाली, "चढ गो यावर."

पोरगी चढली. डोकं बोलायच्या खुणेला लागलं.

"हे काय नवीन?" दंडाची खूण बघणारा पंच उसळला. "पाटावर उभं राहिलं की माणूस मोठं होतं का?"

"का नाही? दंडासाठी तुम्ही तिचे केस धरलेत. बोलण्यासाठी मी पाट धरला. केस चालतात तर पाट का चालू नये?"

गर्दीत मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"बोल, बाय," शेजारीण म्हणाली. "गावभर मी जे सांगत फिरले, ते मला अर्धंच ऐकू आलं होतं. उरलेलं तू सांग."

पोरीने थोरल्या पंचांकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर गावाला जरा बरं वाटलं असतं.

"आजोबा, मी म्हटलं होतं तुम्हांला, भरती लागलीये. तुम्ही म्हणालात, लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस, दार उचल, भरतीबरोबर जिताडा आत येतो, व्याह्यांना खायला घालायचाय. मग तुम्ही जाळं लावून मासे घेऊन गेलात. म्हणालात, माणूस पाठवतो दार लावायला, आणि हे कुणाला सांगायचं नाही. मी वाट बघितली. मग एकटीच ओढत बसले. नाही लागलं ते, आजोबा."



आदल्या संध्याकाळी पंचांच्या घरून घरोघर वाडगा गेला होता. जिताड्याचं कालवण. आंबट, तिखट, वर तेलाचा तवंग. एवढा मोठा मासा भर पावसाळ्यात आला कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. आयत्या कालवणाला कोण विचारतो? दंडाची खूण बघणाऱ्या पंचाने तर माशाचं डोकं मागून नेलं होतं. एक वाडगा पोरीच्या घरीही गेला होता. तिच्या आईला आता आठवलं, पोरीने त्याला हात लावला नव्हता, आणि आपण तिला म्हटलं होतं, "नखरे नकोत, गुमान खा."

शेजारणीने आपला वाडगा बोटाने पुसून चाटला होता.

माणसं एकमेकांकडे बघेनात. कुणी धोतराचा सोगा नीट केला, कुणी पोराला उगाच कडेवर घेतलं. थोरले पंच उठले. डोक्यावरची पगडी काढून त्यांनी देवळाच्या ओट्यावर ठेवली.

"काल निजायच्या वेळी मला आठवलं होतं, दार राहिलं," ते म्हणाले. "तोवर पाणी आत आलेलं होतं. मी कूस बदलून निजलो. आणि आज तिला खांबाला लावलं तेव्हाही बसून राहिलो. बांधाबाहेर मी जातो."

त्यांना थांबवायला दोघंतिघं पुढे झाले, पण थांबा म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. ते गेले. त्यांच्यामागून सून पाण्याचा हंडा घेऊन गेली, आणि नियम मोडला असं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही.

संध्याकाळी सुताराला बोलावून बोलायची खूण तासून काढली आणि कामाच्या खुणेशेजारी नवी पाडली. दंडाची खूण त्या दोन्हींच्या वर ठेवली. मग सुताराने विचारलं, "आणि मागच्या?" लोक म्हणाले, मागच्यांचं पुढच्या बैठकीत बघू. गावच ते.

ते काम चाललेलं असताना पोरगी आईचा हात धरून खांबापाशी उभी होती. तिने विचारलं, "उद्या पण माझी पाळी आहे ना? दार आता हलतं का ते बघायला हवं."

शेजारीण पुढे होऊन म्हणाली, "दोर मी धरते उद्या, बाय. तू फक्त सांग, कधी ओढायचा."

त्या शेतात पुढे कितीतरी वर्षं भात पिकलं नाही. परगावचा कुणी विचारायचा, "इथे काय झालं हो?" तेव्हा शेजारीण सांगायची, "एका पोरीनं बांधाचं दार उघडलं." आणि लगेच त्याची बाही धरून म्हणायची, "थांबा, जाऊ नका. ही अर्धीच बातमी झाली."

तात्पर्य: ज्याला राबवताना आणि दंड करताना आपण मोठं धरतो, त्याला बोलतानाही मोठंच धरावं; नाहीतर आपल्या चुकीची शिक्षा लहानांना होते आणि तिची लाज आपल्याला जन्मभर पुरते.