पाहुण्या दगडांची टेकडी

तांबवेळेच्या खाडीच्या मुखाशी ही जी टेकडी दिसते ना, ती देवाने केलेली नव्हे. आमच्याकडचा दगड म्हणजे जांभा, तांबडा आणि भोकाभोकांचा. या टेकडीत मात्र जांभ्याचा एक दगड शोधून दाखवा. काळे आहेत, पांढरे आहेत, हिरवट ठिपक्यांचे आहेत, एखादा मिठासारखा चमकतो. हे सगळे परमुलखातून आले आणि इथेच राहिले. म्हणून हिला पाहुण्या दगडांची टेकडी म्हणतात. वर देऊळ नाही, शेंदूर नाही. तरी आमचा माणूस समुद्रावरून परतला की घरी जायच्या आधी इथे येतो. का येतो, ते माझ्या आजेसासूने सांगितलं तसं सांगते.

तर, याच तांबवेळेत जैतू नावाचा एक तांडेल होता आणि त्याची आवडी नावाची बायको होती. घर माडाच्या झापांचं, अंगण खाडीकडे तोंड करून. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. दिवाळी झाली की जैतू शिडं चढवून जाई तो पार अरबांच्या मुलखापर्यंत, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी परत येई. मधले महिने आवडीचे कान खाडीकडे लागलेले असत. डोळे नव्हेत बरं, कान.

त्याचं असं, की रिकामं गलबत वाऱ्यात कलंडतं, म्हणून त्याच्या पोटात भाराला दगड भरत. खाडीच्या मुखाशी पाणी मुळातच उथळ. तिथे गलबत अडकू नये म्हणून खलाशी ते दगड मुखातच पाण्यात टाकून देत. गलबत हलकं होऊन वर येई आणि आत सरके. दरसाल मुख जरा जास्त भरे, म्हणून दरसाल जरा जास्त दगड टाकावे लागत. जैतूही टाकी, परमुलखातून माल न्यायला येणारेही टाकत. दर्याचं पोट मोठं, असं सगळेच म्हणत. आणि आवडीला तर तो आवाज फार गोड वाटे. धुबुक, धुबुक. तो कानावर आला की ती उठायची आणि चुलीवर भाताचं आधण ठेवायची. जैतू अंगणात पोचेपर्यंत भात शिजलेला असायचा.

एका साली वारा आगोटीच्या आधीच उठला. जैतूचं गलबत मुखाशी आलं ते लाटेच्या खांद्यावर बसून, दगड टाकायला उसंतच मिळाली नाही. आवडी कान देऊन बसली होती. धुबुक काही ऐकू आलं नाही. लाकूड फुटल्याचा आवाज मात्र आला. किनाऱ्याला काही खलाशी जिवंत लागले, काही नुसते लागले. त्या नुसत्यांत शेजारच्या मथुरेचा घोव, तिचा नवरा, होता. जैतू जिवंतही लागला नाही आणि दुसराही लागला नाही.

लोक म्हणाले, चुडा उतरव, दिवस घाल. आवडीने चुडा उतरवला नाही. ती एवढंच म्हणे, की दर्याने मला अजून काही सांगितलेलं नाही.

पुढच्या अमावस्येला मोठी ओहोटी लागली तशी ती कालवं-शिंपले काढायला म्हणून होडी घेऊन मुखाशी गेली. पाणी हटलं होतं आणि दगडांची रास उघडी पडली होती. गलबताच्या फळ्या अजून त्यात रुतून होत्या. आणि तिथेच तिला गुलाबी शिरांचा एक पांढरा दगड दिसला. तसलाच एक तिच्या घरी होता. जैतूने कधीतरी हौसेने आणून दिला होता, मिरची वाटायला. आवडी पाण्यात उभी राहिली ती उभीच राहिली. वाऱ्याला, दर्याला तिने इतके दिवस बोल लावला होता. आणि हे दगड तर घरच्याच हातांनी टाकलेले. ज्या आवाजाला ती आधण ठेवीत होती, तो हाच.

तिने तो दगड होडीत घेतला आणि डोक्यावरून किनाऱ्याला आणून ठेवला. दुसऱ्या ओहोटीला दुसरा आणला. असं ती करत राहिली. माणसं हसली. मथुरा तर भर वाटेत म्हणाली,

"काय गो आवडे, दर्याला झाडू मारायला निघालीस?"

"मुख बंद आहे," आवडी म्हणाली. "माणूस येईल कुठून?"

"आणि हे टाकले कोणी?"

आवडीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तो पहिला पांढरा दगड माझ्या घोवाने."

मथुरेचा चेहरा उतरला. जैतूच्या दगडांवर तिचा माणूस गेला होता. ती तशीच घरी गेली आणि दोन ओहोट्या तिने दारही उघडलं नाही म्हणे. तिसऱ्या ओहोटीला पदराची चुंबळ डोक्यावर ठेवून ती पाण्यात उतरली.

"माझाही टाकत होता," ती म्हणाली. "कुणाचा कुठला ते आता दर्यालाच ठाऊक. सगळेच उचलू."

मग बाया आल्या. बायांच्या मागून लाजेकाजेने पुरुष आले.

पण एकीकडून काढावं आणि दुसरीकडून गलबतांनी टाकावं, याला अंत कुठला? इसाक नाखव्याचं, म्हणजे गलबताच्या मालकाचं, मोठं गलबत आलं तेव्हा बायांनी होड्या नेऊन थेट त्याच्या कुशीला लावल्या. खलाशी दगड हातात धरून तसेच थांबले. खाली माणसं, टाकणार कुठे? नाखवा वरून हसला. म्हणाला, "बायांनो, दर्याचं पोट मोठं आहे."

"पोट मोठं आहे, नाखवा," आवडी म्हणाली, "पण घसा एवढाच आहे. टाका, आमच्या होडीत टाका."

नाखव्याने त्या राशीकडे बघितलं. याच मुखात त्याचंही एक गलबत चिरलं होतं. मग त्याने खलाशांना होड्यांत उतरवलं आणि पहिला दगड स्वतःच्या खांद्यावर आणला. तेव्हापासून रीत पडली. तांबवेळेला यायचं तर आपले दगड आपण किनाऱ्याला चढवायचे. किनाऱ्यावर रास वाढून टेकडी झाली, मुख मोकळं झालं. फक्त आता खाडीवर आवाज होईना. आवडी संध्याकाळी अंगणात बसे, कान सवयीने तिकडेच. गलबतं मुकाट आत येत. जैतू आलाच, तर कळायचं कसं? तो आवाज तिनेच बंद केला होता.

आणि जैतू जिवंत होता. ओहोटीने त्याला फळीसकट बाहेर ओढलं, एका परक्या गलबताने उचलून पार अरबांच्या किनाऱ्याला सोडलं. परत यायला गलबतं मिळत होती, पण तोंड मिळत नव्हतं. ज्यांना घेऊन गेलो त्यांच्या घरासमोरून कसा जाऊ, असं म्हणून तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला. काम काय, तर दुसऱ्यांच्या गलबतांत भाराचे दगड भरायचे. एकदा एक खलाशी कुरकुरला, "चपटे दे रे बाबा, डोक्यावर ठरतील असे. तांबवेळेच्या बंदरात टाकू देत नाहीत. एक बाई आहे. घोव दर्यात गेला, तरी हातातला चुडा उतरवत नाही."

जैतू हातातला दगड घेऊन तसाच इसाक नाखव्याच्या गलबतावर चढला, असं सांगतात.

नाखव्याचं गलबत तांबवेळेला लागलं. खलाशांची रांग टेकडी चढत होती, आवडी वर दगड रचत होती. रांगेच्या शेवटी एक वाकलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस आला. मथुरेने त्याला आधी ओळखलं. मग तिनेच त्याच्या खांद्यावरचा दगड उतरवायला हात लावला. दगड पांढरा होता, गुलाबी शिरांचा.

"दर्यावर नेलं होतं ते आणलं," जैतू म्हणाला.

आवडीने त्याच्याकडे बघितलं. "कळवायचं तरी होतं," ती म्हणाली. "आधण ठेवायचं राहून गेलं."

त्या संध्याकाळी मथुरेच्या चुलीवर तिघांचा भात शिजला.

आता गलबतं गेली, इंजिनाच्या होड्या आल्या, दगड कोणी भरत नाही. तरी आजही आमची होडी मासळी उतरवायच्या आधी इथे थांबते. फाटकी जाळी, बाटल्या, इंजिनाचं जळकं तेल डब्यात भरून, जे काही होडीत जमलं असेल ते टेकडीच्या पायथ्याशी ठेवते. तिथून ते गाडीने जातं. दर्यात काही पडत नाही. किनाऱ्यावरून कोणीतरी विचारतं, काय आणलं रे? उत्तर ठरलेलं, "नेलं ते आणलं." आणि जैतू परतला त्या दिवसापासून त्याच्या घरातलाच नव्हे, तांबवेळेचा एकही माणूस या मुखाने गिळला नाही. आजही होडी दिसली की घराघरांत आधण चढतं, आणि भात कधी वाया जात नाही.