बैठकीचा निरोप

आमच्या जिल्हा दैनिकाचे नवे व्यवस्थापक रेगेसाहेब यांनी बैठकीत फर्मान सोडलं, "उद्यापासून बातमी फक्त आपल्या या नव्या अ‍ॅपवरून पाठवायची. दुसरीकडून आलेली छापणार नाही!"

अ‍ॅप चालायचं फक्त साहेबांसारख्या महागड्या फोनवर. साधे फोन बाळगणाऱ्या तालुका वार्ताहरांचे चेहरे उतरले. त्यांचं पोटच बातम्यांवर होतं.

ज्येष्ठ वार्ताहर इंदुमती खरात उठल्या. "साहेब, या बैठकीचा निरोप कसा धाडलात?"

"साध्या मेसेजने."

"एवढं गुणी अ‍ॅप असताना?"

"अहो बाई, ते सगळ्यांच्या फोनवर कुठे चालतं? अर्धे लोक आलेच नसते!"

"मग अर्ध्या जिल्ह्याच्या बातम्या तरी कशा येतील, साहेब?"

हशा पिकला. फर्मान मागे घेतल्याचं साहेबांनी संध्याकाळी कळवलं, तेही साध्या मेसेजने.